झोपताना काहीतरी खाऊन घ्या

नर्सिंग होम बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण आम्ही जुन्या तिघीचौघी अजून भेटतो. हल्ली बहुतेक कुणाच्या तरी बाराव्या-तेराव्यालाच! जेवणं उरकली, पानं उचलली, की कुणीतरी म्हणतंच, "गो, तुला तो सात नंबरचा आठवतो?" झालं! मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. असले किस्से काही आपण जमवत नाही हो. रोज रात्री आठ ते सकाळी आठ एका जागी काढले की ते आपोआप साचतात, मोरीच्या जाळीत केस साचतात तसे.

माझी तर सगळी नोकरीच नाइट ड्युटीत गेली. मी सावंतवाडीकडची, लग्न होऊन डिचोलीत आले आणि बारा खाटांच्या त्या नर्सिंग होममध्ये चिकटले. मालक, फिजिशियन, भांडणं सोडवणारा, सगळं एकच माणूस, आमचे डॉक्टर. शुगरच्या पेशंटला घरी पाठवताना ते न चुकता सांगायचे, "झोपताना काहीतरी खाऊन घ्या. थोडं खा, पण खा." ऐकायला किती साधं! माझ्याकडचे निम्मे किस्से ह्या झोपतानाच्या खाण्याचेच आहेत. हसण्यासारखे कमी आहेत, ते आधीच सांगून ठेवते.

* * *

गुरुनाथ दोडामार्गकडचा. खाणीवरून जेटीवर माल नेणाऱ्या टिप्परवर ड्रायव्हर. वय पस्तीसेक. अंगठा कापला म्हणून ड्रेसिंगला आला आणि तपासणीत शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, जेवणाच्या वेळा सांगितल्या. तो हो हो म्हणून गेला.

पण खरे डॉक्टर असतात ते चहाच्या गाड्यावर! तिथे कुणीतरी त्याला सांगितलं, "शुगर आसा? मग रात्रीचा खाणा बंद कर. उपाशी निजलंस काय शुगर आपसूक जाता." गुरुनाथने मनावर घेतलं. रात्रीचं जेवण बंद. गोळी मात्र इमानदारीत चालू!

तिसऱ्या रात्री जेटीच्या लाइनीत टिप्पर उभा होता. पुढची गाडी हलली, हा हलेना. दोस्तांनी जाऊन बघितलं तर स्टिअरिंगवर डोकं, अंगाला घाम, तोंडातून काहीतरी बरळतोय. त्यांना वाटलं, प्यायलाय. त्यांनी त्याला केबिनमध्येच आडवा केला, तोंडावर पाणी मारलं आणि उतरायची वाट बघत बसले. उजाडायला लागलं तसे घाबरले आणि आमच्याकडे घेऊन आले.

मी मशीन लावलं. शुगर सव्वीस! सलाइनमधून ग्लुकोज चढवता चढवता विचारलं, "रात्रीपासून काही दिलंत का ह्याला?"

"दिलंव तर!" त्यातला एक छाती काढून म्हणाला. "उतरूचा म्हणान लिंबूपाणी पाजलंव. पण साखरेचो एक दाणो घातलंव नाय हां, सिस्टर! तेका शुगर आसा मां!"

गुरुनाथ वाचला. पण रात्रभर डोक्याला साखर मिळाली नव्हती. टिप्पर पुन्हा कधी चालवला नाही त्याने. बायको त्याला दाखवायला आणायची तेव्हा तो दारात उभा राहून, कुठे जायचंय ते तिलाच विचारायचा, "खंय जावचा आसा?"

* * *

गुरुनाथनंतर डॉक्टरांनी गावोगाव जाऊन भाषणं द्यायचं मनावर घेतलं. मुळगावच्या बाजूला एका देवळाच्या मंडपात शिबिर ठेवलं होतं. मी रात्रपाळी करून तशीच, डोळे चोळत, ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन गेले होते.

डॉक्टर छान बोलले. रात्री उशिरा भूक लागली तर फरसाण नको, भजी नको, पाव तर नकोच. मूठभर भाजलेले चणे घ्या, वाटीभर ताक घ्या, एखादं सफरचंद घ्या. सफरचंद म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. डॉक्टरांना वाटलं, भाषण रंगतंय! ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. पुष्कळदा ती भूक नसतेच, तहान असते. आधी दोन ग्लास पाणी प्या. भूक निघून जाईल."

तेव्हा त्या दोघींतली एक उठली. पन्नाशीची असेल. खाणपट्ट्यातली बाई ती, पायांच्या भेगांत लाल धूळ भरलेली.

"डॉक्टरानु," ती म्हणाली, "पाणी पियाल्यार भूक मरता ही आमका खबर आसा. आमच्यो आवयो-आज्यो तेच करीत इल्यो. पण खाण खोल गेली आणि आमच्या बावीचा पाणी आटला. आता काय पिवचा ता सांगा."

डॉक्टरांनी माइक खाली ठेवला. त्या दिवशी मी एकशेतीस जणांचं प्रेशर तपासलं.

* * *

नार्व्याची काशीबाय म्हणजे मूठभर हाडं. साठीतली, विधवा, पायाला जखम झालेली आणि शुगर भरमसाट. संध्याकाळी इन्सुलिन आणि रात्री दहाला दूध आणि चार बिस्किटं. ते खाणं चुकलं तर मध्यरात्री शुगर धाडकन खाली येते, म्हणून ट्रे मी स्वतः न्यायचे. "खाल्लंस?" विचारलं की ती रिकामी बशी दाखवायची. गुणी पेशंट!

पाचव्या रात्री तीनच्या सुमाराला शेजारच्या खाटेवरच्या बाईने हाक मारली. काशीबाय घामाने निथळत होती, दात वाजत होते, "सप्तकोटेश्वरा, सप्तकोटेश्वरा" एवढंच चाललं होतं. शुगर अडतीस. मला काही कळेना. इंजेक्शन बरोबर, जेवण बरोबर, बिस्किटं तर माझ्या हाताने दिलेली!

ग्लुकोजवर ती शुद्धीत आली. घामाने भिजलेली चादर बदलावी म्हणून आम्ही उशी उचलली, तर अभ्र्यात एक गाठोडं. त्यात बिस्किटं, कोंड्याच्या पावाचे, पोयचे तुकडे, सकाळच्या नाश्त्यातलं अर्धं केळं. गावची एक शेजारीण एक दिवसाआड तिला बघायला यायची. तिच्याबरोबर ती हे घरी पाठवत होती.

सकाळी डॉक्टर भयंकर तापले. "मरायचं होतं का तुम्हाला?"

काशीबाय खाली मान घालून म्हणाली, "बाबलो माझ्या हातचा खाल्ल्याबिगर निजणा नाय."

बाबलो तिचा मुलगा. चाळीस वर्षांचा. समज तीन वर्षांच्या पोराची. आई दिसत नाही म्हणून अंगणात येरझाऱ्या घालायचा. शेजारीण ती बिस्किटं त्याच्या हातावर ठेवून सांगायची, "आवयन दिल्यान हां." मग तो खायचा आणि झोपायचा.

मी डॉक्टरांना म्हटलं, बिस्किटं बंद करू. त्या रात्रीपासून तिला नाचण्याचं तिजाण सुरू केलं. पातळ पेजेसारखं, वर थोडं दूध. शुगरला चांगलं, पोटाला चांगलं. मी वाडगं तिच्या पुढ्यात ठेवलं आणि स्टूल ओढून समोर बसले.

तिने चमचा घातला, ढवळला, चमच्यातून खाली पडणारी धार बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"सिस्टरी, ह्या पदरात बांधूक येणा नाय, म्हणान मुद्दाम दितास मगो?"

मी म्हटलं, "होय. मुद्दाम."

तिने तळापर्यंत खाल्लं. एकेका चमच्याला डोळे पुसत. मी उठले नाही. उठले असते तर बरं झालं असतं की वाईट, ते अजून ठरवता येत नाही मला.

* * *

पार्सेचा रघू हा पाडेली. म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या माडांवर चढला आणि शेवटी किडन्यांनी दगा दिला. पणजीकडे जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा, मग तेही झेपेना. आमच्याकडे आला तेव्हा आम्ही काय करू शकत होतो? दम लागला की ऑक्सिजन, आणि पथ्य.

आणि पथ्य कसलं, तर शहाळ्याच्या पाण्याचं! किडनीच्या माणसाला ते विषासारखं. केळं नाही, फळांचा रस नाही, शहाळं तर अजिबात नाही. ह्याला बरोबर रात्री अकराला भूक लागायची. डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती मूठभर बिनमिठाच्या चुरमुऱ्यांची. मी वाटी पुढे केली की म्हणायचा, "माका काय कोंबडो समजलंस?" आणि मग हळूच शहाळं मागायचा, "एक आडसर दी गो बाय. मलई नको. नुसता पाणी."

तेरा रात्री मी त्याला नाही म्हटलं.

चौदाव्या संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला तपासलं, बाहेर येऊन त्याच्या मुलीला म्हणाले, "त्यांना जे पाहिजे ते द्या आता." मुलगी धावत गेली आणि आडसर घेऊन आली. मी ते फोडून, नळी घालून त्याच्यासमोर नेलं. मला वाटलं, हरखेल!

त्याने विचारलं, "डॉक्टर हो म्हणाले?"

"हो."

तो आडसर हातात घेऊन बसून राहिला. त्याच्यावरून बोटं फिरवली, कानाशी नेऊन हलवलं. मग अगदी सहज म्हणाला, "म्हणजे आटपला मां माझा?"

मी नळी त्याच्या तोंडाशी नेली. तो दोन घोट प्यायला, जिभेवर घोळवलं आणि नळी बाजूला केली.

"जून झाला," तो म्हणाला. "आठ दिस आधी काढूक होया होता."

* * *

आता आमच्या शेवंतीचं. शेवंती आमची आया. माझ्याबरोबर नाइटला. रात्री दहाचा ट्रे तिने भरायचा: कुणाला दूध, कुणाला ताक, कुणाला चणे. तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. पेशंटच्या दुधावरची साय काढून ती आपल्या तोंडात घातलीय असं कधी झालं नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. तो मशीन ऑपरेटर होता. घरात तीन मुलं आणि सासू. आम्ही रात्री एकला डबे उघडायचो तेव्हा शेवंती उठून लिननच्या कपाटाकडे जायची. "तू जेवत नाहीस?" विचारलं तर म्हणायची, "रात्रीचा खाल्ल्यार वजन वाढता. डॉक्टरांचा भाषण आयकूक नाय तुम्ही? माझा डायटिंग!" आम्ही हसायचो! "शेवंतीचं लग्न ठरतंय परत!" असं मीच म्हटलेलं मला आठवतंय. मीच.

एका रात्री ती ट्रे घेऊन कॉरिडॉरमधून येत होती आणि सगळे ग्लास घेऊन खाली आली. काचा, दूध आणि मध्ये शेवंती. डॉक्टर वरच राहायचे, लुंगीवर धावत आले. शुगर बावन्न. हिला तर शुगरचा आजारच नाही!

डॉक्टर ओरडले, "कुणाचं इंजेक्शन टोचून घेतलंस? खरं सांग!"

मग मी कपाटातून तिची पिशवी आणली. डबा होता. घासूनपुसून लखलखीत. आत काही नव्हतं, आणि आज तरी काही घातलं होतं असं वासावरूनही वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. त्या माणसाला गप्प बसता येत नसे, काहीतरी करायलाच हवं. त्यांनी पॅड ओढलं आणि सवयीने लिहिलं: रोज झोपताना एक ग्लास दूध, मूठभर चणे. कागद फाडून तिच्या हातात दिला.

शेवंती सातवी पास. तिने कागद दिव्याकडे धरून नीट वाचला.

"डॉक्टर, हां झोपतानाचा झाला. जेवणाचा दुसऱ्या कागदार लिवतालात?"

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या घरून रात्री नऊला पेज आणि भाजी खाली यायला लागली, सगळ्या नाइट स्टाफसाठी. सगळ्यांसाठी होती, म्हणून शेवंतीने खाल्ली. पण "डायटिंग" हा शब्द त्यानंतर आमच्यात कुणी उच्चारला नाही.

* * *

मला स्वतःला आता शुगर आहे. मुलगी पुण्याहून रोज रात्री फोन करते, "आई, झोपताना काय घेतलंस?" मी सांगते, "कपभर दूध, दोन अक्रोड." ती म्हणते, "व्हेरी गुड!" आणि ठेवते. अक्रोड मागच्या चतुर्थीला तिनेच आणले होते. डबा अजून भरलेला आहे. एकटीसाठी दूध तापवायचं म्हणजे ते उतू जाईपर्यंत समोर उभं राहायचं, आणि तेवढा वेळ उभं राहिलं की मला हे सगळे आठवतात.

* * *

आता शेवटचा. हा मी तेराव्याच्या पंगतीतही सांगत नाही.

पेडण्याकडच्या एका गावातलं जोडपं. नवरा रिटायर्ड, गावात मान, देवस्थानच्या कमिटीवर वगैरे. बायको सुमतीबाई, पन्नाशीच्या. शुगर वाढली म्हणून तो दहा दिवस आमच्याकडे होता. दुसऱ्याच रात्री त्याने ताकाची वाटी तिच्या अंगावर भिरकावली, कारण ताक गार होतं. तिने पदराने आधी जमीन पुसली, मग स्वतःचा चेहरा.

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोल गोल जुने डाग होते. भाजल्याचे. मी विचारलं, "हे कसले?"

"चुलीचे."

"एवढे सगळे?"

तिने पदर ओढून घेतला.

त्याची नजर कमी झाली होती, म्हणून घरी इन्सुलिन तिनेच द्यायचं ठरलं. डिस्चार्जच्या आदल्या रात्री डॉक्टरांनी तिला माझ्या टेबलापाशी बसवून शिकवलं. नवरा आत घोरत होता. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी इंजेक्शन. रात्री दहाला अर्धी चपाती आणि कपभर दूध. विसरायचं नाही."

"नाय दिलंय तर?"

"रात्रीत शुगर उतरेल. ह्यांना झोपेत कळायचंही नाही. सकाळी उठणार नाहीत."

तिने घोरण्याच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली, "तेंका दुखतला?"

"नाही. झोपेतच."

"आणि रोज दिलंय तर?"

डॉक्टर हसले. तिला धीर द्यावा म्हणून तिच्या खांद्यावर थोपटलं. "तर काहीच भीती नाही, बाई! काटक शरीर आहे. आरामात आणखी वीस वर्षं काढतील!"

"वीस वर्सां," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

चार महिने ती दर पंधरवड्याला त्याला घेऊन आली. शुगर अशी सुंदर, की डॉक्टर दुसऱ्या पेशंटना तिचं उदाहरण द्यायचे. ती वही आणायची. तारीख, इंजेक्शन, दहाचं खाणं, सगळं सुवाच्य अक्षरात. तो बाहेर बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "हिका काय एक कळणा नाय!" एकदा तिच्या कानाखाली ताजा वळ होता. मी काही विचारलं नाही. मी तरी काय करणार होते, ड्रेसिंग?

मग एका सकाळी, साडेसात झाले असतील, दारात जीप थांबली. पुतण्याने आणि ड्रायव्हरने त्याला उचलून आत आणलं. हात लावल्याबरोबर मला कळलं, ह्याला जाऊन कितीतरी तास झालेत. सुमतीबाई मागून आल्या. केस विंचरलेले, लुगडं नीट नेसलेलं, वही हातात.

डॉक्टरांनी पुतण्याला बाहेर पाठवलं. खोलीत आम्ही तिघं, आणि तो.

"बाई, रात्री दहाला खायला दिलं होतं?"

"चार म्हयने रोज दिलंय, डॉक्टर."

"काल?"

तिने वही टेबलावर ठेवली. उघडली नाही. डॉक्टरांनीही उघडली नाही.

"तुम्ही सांगितलास, अगदी तसाच झाला," ती म्हणाली. "झोपेत. काय एक दुखूक नाय."

बाहेर शेवंती बादली घेऊन जात होती, तिचा आवाज येत होता. डॉक्टरांनी सर्टिफिकेटचं पॅड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता मला म्हणाले, "सिस्टर, आठ वाजले. तुमची ड्युटी संपली. घरी जा."